नाकावरचा पांढरा वण

"आयुष्यभर लोकांच्या तोंडावरचं खरं खोडत आलोय, ज्ञानू. आता एक तोंड जसंच्या तसं धराया पाहिजे."

दिलदार शिकलगार हे बोलले तेव्हा चिखलीच्या मळीत, नदीकाठी, एका पालथ्या काईलीवर बसले होते. एप्रिल संपत आला होता. पाणी आकसून मधल्या धारेत गेलं होतं आणि काठाचा गाळ उन्हानं तडकला होता. ज्ञानू चौगले हा त्या मळीचा, म्हणजे काठच्या गाळाच्या रानाचा, मालक. त्याला बोलण्याचा अर्थ लागला नाही. तो म्हणाला, "तोंड धरा की. पर त्याला माझी काईल कशाला?"

काईल म्हणजे गुऱ्हाळावर उसाचा रस आटवायची लोखंडी कढई. चार माणसं मांडी घालून बसतील एवढी रुंद, बुडाला सपाट, काठाला धरायला कड्या. हंगामात ती चुलवाणावर असते. पावसाळ्यात नदी गावात शिरली की तीच काईल पाण्यात सोडतात आणि तिच्यातून म्हातारी माणसं, शेरडं, धान्याची पोती बाहेर काढतात. पंचगंगेच्या काठाला नावेपेक्षा काईलच जास्त ओळखीची. पण पूर नसताना, भर उन्हाळ्यात, एका निवृत्त माणसाला गळ्यात कॅमेरा अडकवून काईलीत बसायचं आहे, हे ज्ञानूनं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

ती काईल जुनी होती. बूड एका जागी करपून फाटलं होतं, तिथं पत्र्याचं ठिगळ आणि डांबर होतं. गुळाच्या कामाची ती राहिली नव्हती. ज्ञानूनं दोन दिवस मस्करी केली आणि तिसऱ्या दिवशी चार गडी लावून ती पाण्यात ढकलून दिली. करंजाच्या मुळाला दोर बांधला.

"ह्यात गूळ शिजतोय चाचा, माणूस न्हाय," तो म्हणाला. "ऊन तापलं की कळंल."

ज्ञानूची बायको बनाबाई काठावर धुणं बडवत होती. वर न बघता ती म्हणाली, "शिजू द्या की. काकवी झाली तर आपल्यालाच हाय."

दिलदार हसले. मग काईलीत पाय टाकला, आणि काईल त्यांच्यासकट गर्रकन फिरली.

*

दिलदारांची सगळी नोकरी एका खिडकीशी झाली होती. कोल्हापुरात, राजारामपुरीत गणपतराव सरनोबतांचा फोटो स्टुडिओ होता. पुढं पडदा, खुर्ची, दिवे. मागच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीला लागून एक उतरतं डेस्क, आणि डेस्कापाशी दिलदार. डेस्काला मधे एक चौकट होती. तिच्यावर निगेटिव्ह ठेवायची. खालच्या आरशातून आकाशाचा उजेड वर येई आणि माणसाचा चेहरा उजळून निघे. उलटा चेहरा, केस पांढरे, दात काळे. डोळ्याला भिंग लावून दिलदार त्या चेहऱ्यावर वाकत.

कामाला हत्यारं दोनच. सुईच्या टोकाची पेन्सिल, आणि नखाएवढ्या पात्याची सुरी. गालावर खड्डा असेल तर निगेटिव्हवर तो फिका दिसतो. तो पेन्सिलीनं भरायचा. पांढरा डाग असेल तर तो तिथं काळा दिसतो. तो सुरीनं खरवडून काढायचा. पेन्सिल चुकली तर टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पुसता येते. सुरी चुकली की चुकली. खरवडलेलं परत येत नाही. म्हणून सुरीचं काम सगळे टाळत आणि ते दिलदारांकडं येई. त्यांचे वडील मीरासाब पापाची तिकटी या चौकाजवळ रस्त्याकडेला दगडी चाक घेऊन बसत; वस्तरे, कात्र्या, अडकित्ते, जे येईल त्याला धार लावत. मुलाला स्टुडिओत नोकरी लागली तेव्हा त्यांनी घड्याळाच्या मोडक्या कमानीच्या पोलादातून ती सुरी घडवून दिली. उभा केस चिरेल अशी धार होती तिची.

त्या खिडकीशी कोल्हापूरचे किती चेहरे नितळ होऊन गेले याचा हिशेब कुणी ठेवला नाही. लग्नाच्या मुलींचे तीळ गेले. सरकारी साहेबांच्या डोळ्यांखालच्या पिशव्या गेल्या. तिरळा डोळा सरळ होई, टक्कल जरा मागं सरे. गिऱ्हाईक फोटो हातात घेई, क्षणभर थांबे आणि मग स्वतःशीच कबूल झाल्यासारखं हसे. फक्त एकदा गडबड झाली. दिलदार नवे होते. एका पैलवानाचा फोटो आला. कान मोडून मुरगळून भज्यासारखे झालेले. दिलदारांनी दोन दिवस बसून ते कान बाळासारखे केले. पैलवान आला, फोटो बघितला, आणि गणपतरावांच्या टेबलावर हात ठेवून शांतपणे विचारलं, "माझं कान कुठं हायती?" तालमीतल्या मातीत वर्षं घालवून कमावलेले कान होते ते. फोटो पुन्हा काढावा लागला. त्यानंतर स्टुडिओत दंडक पडला: पैलवानाच्या कानाला दिलदारनं हात लावायचा नाही. ही गोष्ट गणपतराव येईल त्याला सांगत, आणि दिलदार मान खाली घालून हसत.

पैलवानाला जे मागता आलं ते कुलसुमला मागता आलं नाही.

कुलसुम म्हणजे दिलदारांची बायको. लहानपणी तिला देवी आल्या होत्या. दोन्ही गालांवर, कपाळावर वण होते. लग्नानंतर वर्षभरानं दिलदारांनी तिला स्टुडिओत नेलं, मालकांच्या परवानगीनं निगेटिव्हची एक काच खर्ची घातली आणि फोटो काढला. मग रोज दुपारी, गिऱ्हाइकांचं काम उरकल्यावर, ते तिच्या चेहऱ्यावर वाकत. एकेक वण पेन्सिलीनं भरत गेले. आयुष्यात इतकं जीव लावून त्यांनी दुसरं काम केलं नाही. फोटो घरी नेला तेव्हा कुलसुम चुलीपुढं होती. हात पुसून तिनं तो घेतला, उजेडाला धरला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "ये कौन जी?"

ते हसले. त्यांना वाटलं, खूश झाली. फोटो भिंतीवर लागला नाही. कुलसुमनं तो पेटीत कपड्यांच्या तळाशी ठेवला आणि पुन्हा कधी काढला नाही. दुसरा फोटो काढू म्हटलं की ती म्हणे, आहे की एक.

एकोणसत्तर साली ती तापानं गेली. चाळिसाव्याचा विधी झाल्यावर दिलदारांनी पेटी उघडली. फोटोतली बाई तरुण होती, गाल चकचकीत होते, आणि ती कुणीच नव्हती. त्यांनी डोळे मिटून खरा चेहरा आठवून बघितला. डाव्या कानशिलाशी मसुरीएवढा एक वण होता. डोळ्याखाली दोन, एकमेकांत मिसळलेले. कुठल्या डोळ्याखाली? त्यांना सांगता येईना. तीस वर्षं त्या चेहऱ्यासमोर जेवलेला माणूस, आणि भरलेला प्रत्येक खड्डा त्याच्या बोटांनी भिंगाखाली मोजलेला. तरी सांगता येईना.

मग त्यांना आठवलं की ते पेन्सिलीचं काम होतं. काच स्टुडिओच्या मागच्या खोलीत असणार. टर्पेंटाइनचा एक बोळा फिरवला की कुलसुम खालून वर येईल. ते सायकल काढून तडक राजारामपुरीला गेले. गणपतरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि हातातली विडी विझवली. जुन्या काचांनी खोली भरून गेली होती, म्हणून त्यांनी मागल्या साली त्या सगळ्या सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन फ्रेमवाल्याला दिल्या होत्या.

"तू सांगायचंस की रे," गणपतराव म्हणाले.

म्हणजे कोल्हापुरात कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी आजोबांच्या किंवा देवाच्या तसबिरीपुढं ती काच होती. स्वच्छ. त्यानंतर कुठंही गेले की दिलदार भिंतीवरच्या तसबिरींकडं जरा तिरके होऊन बघत. काचेत काही उरलेलं नसतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तरी बघत.

*

चौऱ्याहत्तर साली दिलदार निवृत्त झाले. रंगीत फोटो आले होते आणि रंगीत निगेटिव्हवर पेन्सिल चालत नव्हती. गणपतरावांनी शाल, नारळ, एक जुना दोन डोळ्यांचा कॅमेरा आणि ते उतरतं डेस्क दिलं. बुधवार पेठेतल्या दोन खोल्यांत डेस्क खिडकीशी लागलं, आणि त्याच्यावर काही ठेवायला नव्हतं. एकुलती एक मुलगी मेहमुदा लग्न होऊन मलकापूरला होती. दिवस मोठे झाले. कॅमेरा गळ्यात घालून दिलदार सायकलीवरून शिवाजी पुलापलीकडं जाऊ लागले. कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. नदी होती, आणि तिथं कुणाला छान दिसायचं नव्हतं.

चिखलीच्या मळीत त्यांना ते पहिल्यांदा दिसलं. काठापासून थोडं आत पाणी फुगलं, फुटलं आणि एक डोकं वर आलं. चपटं, तपकिरी, मिशांवरून पाणी गळतंय. पाणमांजर. नाकापासून डाव्या डोळ्याच्या खालपर्यंत त्याच्या तोंडावर एक पांढरा वण होता. जाळ्याच्या तारेनं कापलं असावं. तिथं पुन्हा केस आले नव्हते. ते दिलदारांकडं बघत राहिलं. स्टुडिओत कुणी कॅमेऱ्याकडं असं बघत नसे. तिथं प्रत्येकजण आपण कसे दिसू ते बघे. याला तसं काही पडलेलं नव्हतं. तोंडावर जे होतं ते घेऊन ते बघत होतं. मग पाणी मिटलं.

दिलदारांचा हात कॅमेऱ्याकडं गेलासुद्धा नव्हता. ते घरी आले आणि पेन्सिली एका पत्र्याच्या डबीत भरून डबी माळ्यावर टाकली. सुरी तेवढी ठेवली. फिल्म कापायला लागते. त्यांनी मनाशी ठरवलं की हा चेहरा धरायचा, आणि त्याला हात लावायचा नाही.

काठावरून ते जमणार नव्हतं. पाणमांजर पलीकडच्या खडकांवर बसे आणि माणसाची चाहूल लागली की पाण्यात जाई. कॅमेरा असा, की जवळ गेल्याशिवाय चेहरा चेहऱ्याएवढा यायचा नाही. म्हणून काईल.

काईलीला पुढं नसतं आणि मागं नसतं. फळकुटानं पाणी मारलं की ती पुढं जाण्याऐवजी फिरते. थांबवायला गेलं की उलटी फिरते. पहिला महिना दिलदार नुसते फिरत राहिले. काठ, ऊस, खडक, पूल, पुन्हा काठ. उन्हानं लोखंड तापलं की त्यातून जुन्या गुळाचा वास येई, आणि कुठून कुठून मुंग्या चढून त्यांच्याबरोबर नदीत येत. काठावरून ज्ञानू ओरडून विचारी, आज किती फेरे झाले, नवस फिटला का. दुसऱ्या दिवशी सांगे, "त्येला म्हणावं, हनवटी जरा वर घ्या, इकडं बघा, हसा थोडं." बनाबाई भाकरी देई, आणि चाचा बुडाले तर काईल कोण काढणार ही काळजी मोठ्यानं बोलून दाखवी.

हळूहळू दिलदारांच्या लक्षात आलं की झगडायचं नाही. धारेत काईल सोडून द्यायची आणि मधोमध बसायचं. ती सावकाश फिरते आणि सगळी नदी आपोआप समोरून जाते. लोखंडाच्या त्या थाळ्यात न हलणारा माणूस पाखरांना माणूस वाटत नसे. खंड्या काठावर येऊन बसे. पाणकावळे पंख पसरून समोर वाळत. कासवांनी तर लाजच सोडली होती. दिलदार फोटो काढत, घरी मोरीत अंधार करून धूत, आणि छापत. गणपतराव ते बघायला येत. एखाद्या फोटोत बगळ्याच्या मानेवर काडी आडवी आलेली दिसली की त्यांचा जीव तुटे.

"एवढी काडी काढून टाक की, दिलदार. दोन मिनिटांचं काम."

"न्हाय मालक. हुती काडी."

पाणमांजर दिसे. कधी लांब, कधी पाठमोरं, कधी नुसती पाण्यावरची बुडबुड्यांची रेघ. वर्षं गेली. दर पावसाळ्यात काईल वर ओढायची, दर दिवाळीनंतर पुन्हा सोडायची. गुडघे वाकेनासे झाले. एका डोळ्यात पडदा येऊ लागला. मेहमुदा प्रत्येक खेपेला म्हणे, अब्बा, आता मलकापूरला चला, तिकडं माणसं आहेत. ते म्हणत, एक फोटो राहिलाय. ती विचारी, कुणाचा? ते सांगत, पाणमांजराचा. तिला वाटे, एकटेपणानं होतं असं. पण तिनं एक गोष्ट पाहिली होती: नदीवरून आले की अब्बा पेटी उघडत, अम्मीचा फोटो हातात घेत, आणि उघड्या डोळ्यांनी त्यात काहीतरी शोधत.

एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत, सकाळचं ऊन नुकतं खडकावर आलं असताना, ते झालं. पाणमांजर खडकावर मासा खात होतं. काईल धारेला लागून त्याच्याकडं चालली होती. दिलदारांनी फळकूट अलगद मांडीवर ठेवलं. काईल फिरली, खडक समोरून गेला. दिलदारांपुढं ऊस आला, पूल आला, रिकामं पाणी आलं. मान वळवायची नाही. पुन्हा खडक आला. मासा खाली ठेवलेला होता. पुन्हा ऊस, पूल, पाणी. खडक पुन्हा समोर आला तेव्हा काईल इतकी जवळ होती की मिशांवरचे थेंब दिसत होते. पाणमांजर बघत होतं, पहिल्या दिवशी बघितलं होतं तसंच. बाजूनं पडलेल्या उन्हात वण पांढराशुभ्र झाला होता. दिलदारांनी बटण दाबलं.

काठावर आल्यावर ते ज्ञानूला एवढंच म्हणाले, "घावलं."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी निगेटिव्ह वाळली. मेहमुदा आदल्या दिवशीच आली होती आणि आता फोटो झाला म्हटल्यावर आतल्या खोलीत भांडी बांधत होती. दिलदारांनी सुरीनं फिल्म कापली. तो एक चौकोन डेस्काच्या चौकटीवर ठेवला, आरसा वळवला, भिंग डोळ्याला लावलं. फक्त बघायचं होतं. सगळं होतं. मिशा, थेंब, डोळ्यातलं ऊन. उलट्या उजेडात तोंड फिकं दिसत होतं आणि त्याच्यावर वण काळा, रेशमाच्या दोऱ्यासारखा.

आतून मेहमुदा विचारत होती, पाटा-वरवंटा न्यायचा का. ते म्हणाले, ने. मोठं पातेलं? ते रोशनबीला देऊन टाक, शेजारणीला उपयोगी पडेल. अम्मीची पेटी? पेटी माझ्याबरोबर. स्टुडिओत असंच चाले. मागून कुणीतरी बोलत असे, दिलदार उत्तरं देत आणि हात आपलं काम करत. मेहमुदा सांगत होती की मलकापूरच्या घरामागं ओढा आहे, तिकडंही पाखरं येतात. ते हं म्हणाले. हात चालला होता. बापानं दिलेल्या पात्याला धार होती.

"अब्बा, चहा," मेहमुदा दारात येऊन म्हणाली.

दिलदारांनी भिंगावरून डोळा काढला. अंगठ्याच्या नखावर काळी, पिठासारखी धूळ होती. तिच्यावरून त्यांना कळलं. पुन्हा भिंग लावून बघायला त्यांना बराच वेळ लागला.

काम उत्तम झालं होतं. नाकापासून वर सगळं नितळ होतं, केसाला केस मिळवलेला. फक्त डोळ्याच्या खाली, जिथं चहानं हात थांबवला होता, तिथं वणाचं टोक राहिलं होतं. दोऱ्याचा तुटका तुकडा.

मेहमुदानं विचारलं, काय झालं. ते म्हणाले, भांडी सोड, मी नंतर येईन. त्या दिवशी तिला पहिल्यांदा त्यांचा राग आला. ती एकटीच मलकापूरला गेली.

पावसाळ्यापर्यंत दिलदार रोज नदीवर होते. काईल फिरत राहिली. खडक येई आणि जाई, रिकामा. त्या वर्षी वरच्या अंगाला नायलॉनची जाळी फार लागली होती. पाणमांजर वर गेलं, खाली गेलं की संपलं, कुणाला ठाऊक नव्हतं. ज्ञानूनं मस्करी बंद केली. एके दिवशी बनाबाईनं भाकरी दिली आणि काही बोललीच नाही, तेव्हा दिलदारांना कळलं की या दोघांनीही आशा सोडली आहे.

*

पुढच्या हिवाळ्यात राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं. गणपतराव बुधवार पेठेत आले. पाणमांजराचा छोटा प्रिंट त्यांनी पूर्वी बघितला होता. ते म्हणाले, निगेटिव्ह दे, मी मोठा करून लावतो.

दिलदार नाही म्हणणार होते. मग त्यांच्या मनात आलं की लहान प्रिंटमध्ये तो तुकडा दिसत नाही, पण मोठा केला तर दिसेल. डोळ्याखालचा एवढासा पांढरा दोरा. तो दिसला तर बाकीचा वण कुठून कुठं गेला होता ते डोळ्यांना आपोआप कळेल. नाकाकडं जाणारी वाट सापडेल.

"मोठा करा, मालक," ते म्हणाले. "जेवढा हुईल तेवढा मोठा."

हात लावू नका, हेही जिभेवर आलं होतं. पण ज्या माणसानं चाळीस वर्षं आपल्या हाताची तारीफ केली त्याला हे कसं सांगायचं? शिवाय साफ करण्यासारखं त्यात आता काय उरलं होतं? त्यांनी निगेटिव्ह पाकिटात घालून दिली.

प्रदर्शनाच्या दिवशी त्यांनी धुतलेला पांढरा सदरा घातला. मेहमुदा राग विसरून मलकापूरहून आली होती. ज्ञानू फेटा बांधून आला आणि बनाबाई नव्या लुगड्यात. हॉलच्या गुळगुळीत फरशीवर दोघं काईलीत पाय ठेवल्यासारखी जपून चालत होती. पाणमांजराचा फोटो समोरच्या भिंतीवर मधोमध होता. खिडकीएवढा. पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं होतं. त्याच्यापुढं गर्दी होती. पुण्याहून आलेले परीक्षक सांगत होते की रानटी जनावराचा इतका निर्मळ, इतका निर्दोष चेहरा त्यांनी आजवर पाहिला नाही.

गर्दी ओसरेपर्यंत दिलदार मागं उभे राहिले. मग पुढं झाले. चष्मा काढून चांगला डोळा फोटोजवळ नेला. डोळ्याखाली बघितलं. पुन्हा बघितलं. तिरके होऊन, तसबिरींकडं बघत तसं, बाजूनं बघितलं.

ज्ञानू त्यांच्या खांद्याशी येऊन उभा राहिला होता. बराच वेळ फोटो बघून त्यानं हळूच विचारलं, "चाचा, ह्ये कुठलं म्हणायचं? आपलं न्हाय न्हवं ह्ये?"

दिलदारांनी चष्मा पुन्हा डोळ्यावर चढवला.

तेवढ्यात गणपतराव आले. त्यांनी दिलदारांच्या पाठीवर हात ठेवला आणि फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वय झालं बरं का दिलदार, आपल्या दोघांचं. डोळ्याखाली एक डाग राहिला होता तुझ्या हातून. मोठा केला तेव्हा दिसला. म्हटलं, दिलदारच्या कामात डाग? ब्रशनं झाकला मी. निगेटिव्हला हात लावला नाही, ती आहे तशीच आहे. कागदावर झाकला. बघ, सापडतो का."

दिलदार मालकांकडं बघत राहिले. त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर सुरकुत्या होत्या, हनवटीवर दाढी करताना कापल्याची खूण होती, आणि सगळा चेहरा शाबासकीची वाट बघत होता. दिलदारांनी उजवा तळहात पुढं केला. गणपतरावांना क्षणभर कळेना. मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढून तळहातावर ठेवलं. दिलदारांनी ते उघडलं, निगेटिव्ह दोन बोटांत कडेनं धरून छताच्या दिव्याकडं केली, आणि डोळा बारीक करून बघितली. दोऱ्याचा काळा तुकडा जागेवर होता. मग ती पुन्हा पाकिटात घातली, आणि पाकीट सदऱ्याच्या खिशात.

टेबलामागून त्यांचं नाव पुकारलं गेलं. दोन शब्द बोलावेत अशी विनंती झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि वाट करून दिली. दिलदार त्या वाटेनं चालू लागले. टेबलावर ढाल ठेवलेली होती, हाराचं पुडकं ठेवलेलं होतं. टेबलाशी आले तेव्हा अध्यक्ष उठून उभे राहिले. दिलदार तिथं थांबले नाहीत. मेहमुदा खुर्चीवरून अर्धी उठली. एक हात सदऱ्याच्या खिशावर तसाच ठेवून ते दारापर्यंत गेले, चपलांच्या ढिगातून आपल्या चपला पायानंच ओढून काढल्या, घातल्या, आणि बाहेर पडले.